ईमॅक्सच्या आतूनच बोर्डाशी बोलणं: सिरियल टर्मिनलची जुळणी, पहिल्या पायरीपासून

नागपुरात मे महिन्यात कूलरचा प्रयोग करायला घेणं म्हणजे घरच्यांचा रोष ओढवून घेणं. तरी मी घेतला. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, त्याच्या टाकीत पाण्याची पातळी बघणारा फ्लोट, आत दमटपणा मोजणारा सेन्सर आणि पंप चालू-बंद करणारा रिले. हे सगळं बर्डीतून आणलेल्या एका आर्डुइनो नॅनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाच्या) नकलेवर. ताट्या ओल्या राहायला पंप अखंड चालायची गरज नसते. पाच मिनिटं चालू, तीन मिनिटं बंद, एवढं साधं गणित. पण बोर्ड मधेच भलतंच वागायचा, आणि का ते कळायला एकच वाट होती: तो यूएसबीच्या तारेतून काय ओळी पाठवतो ते वाचणं.

सुरुवातीला एका खिडकीत कोड, दुसरीत सिरियल मॉनिटर, तिसरीत टिपणं असा पसारा होता. हवी ती ओळ वर निघून जायची, कॉपी करायला जावं तर पडदा पुढे सरकलेला. मग टर्मिनलच एडिटरमध्ये आणलं. तसं केल्यावर बोर्डाचं बोलणं हा साधा मजकूर होतो. एडिटरमध्ये मजकुराशी जे जे करता येतं, म्हणजे शोधणं, खुणा करणं, फाइलीत ठेवणं, कोडच्या शेजारी लावून बघणं, ते सगळं त्याच्याशी करता येतं. मोबदल्यात एकच डोकेदुखी येते: तुम्ही दाबलेली कळ एडिटरने खायची की बोर्डाने, हा प्रश्न सतत उभा राहतो. या लेखातली निम्मी जागा त्यालाच गेली आहे.

मी उबुंटू लिनक्सवर ईमॅक्स हा एडिटर वापरतो, म्हणून मुख्य रस्ता तोच. विम आणि निओविमवाल्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे. आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची. ‘मेटा-एक्स’ म्हणजे ऑल्ट धरून एक्स.

आधी तार, मग बाकी सगळं

मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या कितीतरी तारांमध्ये फक्त वीज वाहते, डेटाच्या वायरी नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक, आणि संगणकाला काहीच दिसत नाही. अर्धा दिवस असा घालवण्यापेक्षा ज्या तारेने मोबाइलमधले फोटो संगणकावर उतरवून झालेत ती घ्या.

आता टर्मिनलमध्ये सुडोसकट, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ‘डीमेसेज’ ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवा आणि शेवटच्या चार ओळी बघा. नकलेच्या नॅनोवर बहुधा सीएच३४० ही चिप असते. लिनक्सच्या ड्रायव्हरचं नाव मात्र सीएच३४१ आहे, त्यामुळे तो आकडा दिसला तर गोंधळू नका. ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ला जोडलं गेल्याची ओळ दिसली की पोर्ट सापडलं. अस्सल ऊनोसारख्या बोर्डांचं पोर्ट ‘टीटीवाय-एसीएम-शून्य’ अशा नावाने येतं.

उबुंटू २२.०४ वर एक गंमत होते. जोडल्याची ओळ येते आणि लगेच खाली तुटल्याची ओळ. मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ असं नाव दिसतं. हा अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीचा कार्यक्रम आहे. त्याला सीएच३४० ची ओळख एका ब्रेल उपकरणासारखी वाटते आणि तो पोर्ट बळकावतो. घरात कोणी ब्रेल पट्टी वापरत नसेल तर तो काढून टाका, तार पुन्हा लावा. कोणी वापरत असेल तर काढू नका. उपकरण जोडल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या त्याच्या यूडेव्ह नियमांमधली फक्त या चिपची ओळ बंद करा.

परवानगी

पोर्ट दिसतं पण उघडत नाही, ‘परमिशन डिनाइड’ येतं, तेव्हा लोक सरळ सुडोने ईमॅक्स उघडतात. नका करू. त्या ईमॅक्सने जतन केलेल्या सगळ्या फाइली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीच्या होऊन बसतात आणि मग त्या निस्तरत बसावं लागतं.

खरा उपाय म्हणजे स्वतःला ‘डायलआउट’ गटात टाकणं. ‘यूजरमॉड’ आज्ञेला छोटा ए आणि मोठा जी हे दोन्ही पर्याय एकत्र द्यायचे. छोटा ए विसरलात तर नव्या गटात भरती होते, पण बाकीच्या जास्तीच्या गटांतून तुमचं नाव निघतं, सुडोच्या गटातूनसुद्धा. मग स्वतःच्याच संगणकावर परके. आज्ञा दिल्यावर एकदा पूर्ण लॉगआउट होऊन परत या. नुसतं नवं टर्मिनल उघडून गट लागू होत नाही. आर्च लिनक्सवर याच कामाच्या गटाचं नाव ‘यूयूसीपी’ आहे.

पोर्ट उघडणं

ईमॅक्स २३ पासून, म्हणजे २००९ पासून, सिरियल टर्मिनल ईमॅक्सच्या पोटातच आहे. वेगळं काही बसवायचं नाही.

मेटा-एक्स दाबा, ‘सिरियल-टर्म’ लिहा, एंटर. पहिला प्रश्न पोर्टचा. ईमॅक्स थेट ‘डेव्ह’ डिरेक्टरीतून सुरुवात करतो, त्यामुळे टीटीवाय-यू एवढं लिहून टॅब दाबला की नाव पूर्ण होतं. दुसरा प्रश्न वेगाचा. तुमच्या कोडमध्ये ‘सिरियल-बिगिन’च्या कंसात जो आकडा आहे तोच इथे हवा: बहुतेक वेळा ९६०० नाहीतर १,१५,२००, अर्थात टाकताना स्वल्पविराम न देता. पुढच्या वेळी दोन्ही प्रश्नांना नुसतं एंटर दिलं तरी चालतं, मागचं उत्तर लक्षात असतं.

नवा बफर, म्हणजे ईमॅक्समधलं मजकुराचं पान, उघडतो, त्याचं नाव पोर्टच्या पूर्ण पत्त्याचंच असतं. खालच्या पट्टीवर वेग आणि ‘८-एन-१’ असं दिसतं: आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. या दोन्हींवर माउसने क्लिक करून ते तिथल्या तिथे बदलता येतात. वेग चुकला असेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिवडा येतो. पट्टीवर क्लिक करा, दुसरा आकडा निवडा, चिवड्याचा मजकूर होईपर्यंत. ईएसपी८२६६ ही वायफाय चिप वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्या चिपचा अगदी सुरुवातीचा बूट संदेश बहुतेक बोर्डांवर ७४,८८० या विचित्र वेगाने येतो. पहिल्या दोन ओळी कचरा आणि पुढचं सगळं नीट, असं दिसलं तर बिघाड काही नाही.

आणखी एक. ऊनो किंवा नॅनोचं पोर्ट उघडताक्षणी बोर्ड रीसेट होतो. यूएसबी चिपची डीटीआर वायर एका ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटच्या पायाला जोडलेली असते; पोर्ट उघडलं की ती खाली येते आणि बोर्ड नव्याने सुरू होतो. कोड चढवायला ही सोय उत्तम. पण रात्री दोनला नुसतं काय चाललंय बघावं म्हणून पोर्ट उघडलं आणि कूलरचा रिले खटकन वाजला, तर घरात काय ऐकावं लागतं ते मी ऐकून झालो आहे.

कळ कोणी खायची?

सिरियल-टर्म उघडतं ते ‘अक्षर मोड’मध्ये, इंग्रजीत कॅर मोड. या मोडात तुम्ही दाबलेली जवळजवळ प्रत्येक कळ थेट बोर्डाकडे जाते. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस, सगळं. ईमॅक्सकडे फक्त एक कळ राखून ठेवलेली असते, कंट्रोल-सी, आणि ती इथे कंट्रोल-एक्सचं काम करते. म्हणजे दुसऱ्या खिडकीत जायचं तर कंट्रोल-एक्स ओ ऐवजी कंट्रोल-सी ओ. बफर बदलायचा तर कंट्रोल-सी बी. बंद करायचा तर कंट्रोल-सी के. आणि बोर्डाला खरोखरच कंट्रोल-सी पाठवायचं असेल, उदाहरणार्थ मायक्रोपायथनचा (बोर्डावर चालणाऱ्या पायथनचा) चालू कार्यक्रम थांबवायला, तर ते दोनदा दाबायचं.

सवयीने हात कुठे फसतो ते सांगतो. ईमॅक्सवाल्याला शोधायचं असलं की बोटं आपोआप कंट्रोल-एस दाबतात. अक्षर मोडात ते बोर्डाकडे जातं, १९ नंबरचं कंट्रोल अक्षर म्हणून. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल पाळणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ आहे ‘थांब, पाठवू नको’. यंत्र गप्प बसतं, आपण तार हलवून बघतो, सगळं उलटंपालटं करतो. कंट्रोल-क्यू पाठवलं की ते परत बोलायला लागतं.

शोधायचं, निवडायचं, कॉपी करायचं असेल तर ‘ओळ मोड’मध्ये या: कंट्रोल-सी कंट्रोल-जे. आता हा नेहमीचा ईमॅक्स बफर झाला. कंट्रोल-एस शोधतं, शब्द असलेल्या सगळ्या ओळी एकत्र दाखवणारं ‘ऑकर’ चालतं, ‘हायलाइट-रेगेक्सपी’ने एखाद्या शब्दाला रंग देता येतो. बोर्डाकडून ओळी येत राहतात त्या खाली जमत जातात. परत अक्षर मोडात जायला कंट्रोल-सी कंट्रोल-के. दिवसभरात मी ही ये-जा शंभरदा करत असेन. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, नंतर बोटांना कळतं.

दोन मोडांत दिसण्याचाही फरक आहे. अक्षर मोडात तुम्ही टाइप केलेलं ईमॅक्स स्वतः दाखवत नाही. बोर्डाने ते परत पाठवलं तरच दिसतं. मायक्रोपायथन परत पाठवतो. आपण घरी लिहिलेला आर्डुइनोचा कोड सहसा पाठवत नाही, म्हणून वाटतं की कळफलकच मेला. ओळ मोडात लिहिलेलं समोर दिसतं, चूक दुरुस्त करता येते, आणि एंटर मारल्यावरच ओळ जाते. आर्डुइनोला आज्ञा द्यायच्या असतील तर मला ओळ मोडच बरा वाटतो, आणि त्याला आणखी एक कारण आहे.

एंटरची भानगड

इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याने ‘पंप बंद’ करायची आज्ञा टाकली, बोर्डाने सेकंदभर विचार केल्यासारखं केलं आणि ‘अशी आज्ञा नाही’ म्हणून कळवलं. स्पेलिंग बरोबर. पुन्हा तेच.

कारण असं. अक्षर मोडात एंटर दाबलं की फक्त सीआर, म्हणजे १३ नंबरचं अक्षर जातं. ओळ मोडात एंटरने एलएफ, म्हणजे १० नंबरचं जातं. त्याच्या कोडमध्ये ‘रीड-स्ट्रिंग-अंटिल’ हे फंक्शन एलएफची वाट बघत होतं. एलएफ आलंच नाही, म्हणून ते आपल्या ठरलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे १००० मिलिसेकंद, थांबलं आणि जे हातात होतं ते घेऊन परतलं. शेवटी चिकटलेला सीआर तसाच. मग तुलना जुळणार कशी? इलाज तीन: ओळ मोड वापरा, किंवा अक्षर मोडात एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबा, किंवा कोडमध्ये ‘ट्रिम’ करून टाका. तिसरा इलाज नेहमीच करून ठेवावा, टर्मिनल कुठलंही असो. मात्र ट्रिमने सीआर निघतो, सेकंदभराची वाट बघणं तसंच राहतं, हे विसरू नका.

उलट दिशेनेही हेच घडतं. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, “मामा, हे अक्षरं जिन्यावरून उतरल्यासारखे काहून दिसून राहिले?” त्याने छापताना नुसता एलएफ पाठवला होता. टर्मिनल शब्दाला पक्कं असतं: एलएफ म्हणजे एक ओळ खाली, सीआर म्हणजे डाव्या कडेला. सीआर नाही तर डाव्या कडेला कशाला जायचं? म्हणून प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथून सुरू. आर्डुइनोचं ‘प्रिंटएलएन’ दोन्ही पाठवतं, हाताने लिहिलेला उलटा स्लॅश-एन एकच पाठवतो.

मोठा मजकूर चिकटवताना (अक्षर मोडात शिफ्ट-इन्सर्ट) बोर्डाच्या पोटाचा अंदाज ठेवा. नॅनोच्या सिरियल बफरमध्ये ६४ बाइट मावतात. ९६०० च्या वेगाला एका बाइटला १० बिट धरले तर सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे ६७ मिलिसेकंदांत पोट भरलं. १,१५,२०० ला तर सहा मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. त्याच वेळी कोड कुठे ‘डिले’मध्ये झोपला असेल तर पुढची अक्षरं हवेत जातात आणि चूक कुठेच नोंदली जात नाही.

पोर्ट एक, मालक एक

ईमॅक्स पोर्ट उघडतो तेव्हा ते फक्त स्वतःसाठी अडवून ठेवतो. म्हणून सिरियल-टर्म चालू असताना नवा कोड चढवायला गेलात तर ‘डिव्हाइस बिझी’ येतं. कंट्रोल-सी के करून बफर बंद करा, कोड चढवा, पुन्हा उघडा. हे दर वेळी टाइप करणं नको म्हणून मी सुरुवातीच्या फाइलीत चार ओळींचं फंक्शन लिहून एफ-९ वर बसवलं आहे: ते ‘सिरियल-टर्म’ला पोर्टचा पत्ता अवतरणात आणि वेग आकड्यात देतं, बाकी काही नाही. एफ-१० वर त्याच नावाचा बफर बंद करणारं दुसरं.

पत्ता देताना टीटीवाय-यूएसबी-शून्य असा थेट देऊ नका. ‘डेव्ह’मध्ये ‘सिरियल’ आणि त्यात ‘बाय-आयडी’ अशी डिरेक्टरी असते. तिथलं लांबलचक नाव बोर्ड कुठल्याही क्रमांकावर आला तरी त्यालाच दाखवतं. स्वस्त सीएच३४० ला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे असे दोन बोर्ड एकदम लावले तर नावं एकमेकांवर आदळतात. तेव्हा शेजारची ‘बाय-पाथ’ डिरेक्टरी वापरा, ती यूएसबीच्या भोकावरून ओळखते.

नोंद ठेवणं

ईमॅक्स टर्मिनलचा बफर अमर्याद वाढू देत नाही. ठरावीक ओळी झाल्या की वरच्या कापतो. रात्रभराची नोंद हवी असेल तर ‘टर्म-बफर-मॅक्सिमम-साइज’ शून्य करा. शून्य म्हणजे काही कापू नकोस.

जतन करताना ओळ मोडात या, सगळं निवडा आणि मेटा-एक्सने ‘राइट-रीजन’ चालवा. कंट्रोल-एक्स कंट्रोल-डब्ल्यू वापरू नका: त्याने चालू बफरच त्या फाइलीचा होतो, नाव बदलतं, आणि तुमचं एफ-१० त्याला शोधत बसतं. बोर्डाला घड्याळ नसेल तर कोडमध्येच प्रत्येक ओळीपुढे ‘मिलिस’चा आकडा (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) छापा. मागाहून वेळ लावता येत नाही.

मला बिघाड सापडला तो याच नोंदीत. ऑकरने ‘सुरू’ हा शब्द शोधला. बोर्ड चालू होताना एकदाच छापतो तो शब्द. रात्रीच्या नोंदीत तो अकरा वेळा. आणि प्रत्येकाच्या आधीची ओळ एकच: ‘पंप बंद’. बोर्ड भलतंच वागत नव्हता, पंप बंद होताना रीसेट होत होता.

पंपाची मोटर म्हणजे गुंडाळी. रिलेने तिचा प्रवाह तोडला की संपर्कांमध्ये ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीचा धक्का शेजारच्या सगळ्या तारांना बसतो. कधी बोर्ड रीसेट होतो, कधी यूएसबीच तुटते. मग डीमेसेजमध्ये कर्नल स्वतःच कंसात ‘ईएमआय?’ असा प्रश्न टाकून हबने पोर्ट बंद केल्याचं लिहितो. अशा वेळी ईमॅक्सचा बफर दिसतो जिवंत, पण त्यात काही येत नाही; आणि जुनं पोर्ट अजून उघडं असल्यामुळे बोर्ड परत येतो तो टीटीवाय-यूएसबी-एक म्हणून. बफर बंद करून बाय-आयडीने पुन्हा उघडा, हे दोन सेकंदांचं काम.

मूळ दुखण्यावर उपाय म्हणून रिलेच्या संपर्कांना समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची एकसरी जोडी लावली. कपॅसिटर एक्स२ दर्जाचाच हवा, साधा नाही, कारण तो थेट घरच्या विजेवर बसतो. यूएसबीची तार पंपाच्या वायरीपासून लांब घेतली आणि तिच्यावर फेराइटची गोळी चढवली. तार पाच मीटरपेक्षा लांब नको. आणि हे सगळं प्लग काढून. एका हातात लॅपटॉप आणि दुसरा हात ओल्या कूलरच्या पत्र्यावर, असं कधीही नाही.

विम आणि निओविमवाल्यांसाठी

यांच्यात सिरियलची सोय आतून नाही, पण टर्मिनल आहे: विममध्ये ८.१ पासून, निओविममध्ये आधीपासूनच. ‘पिकोकॉम’ हा छोटा सिरियल कार्यक्रम बसवा आणि कोलन देऊन ‘टर्मिनल’, मग ‘पिकोकॉम’, उणे बी, वेग आणि पोर्टचा पत्ता, असं एका ओळीत लिहा. वेग दिला नाही तर तो ९६०० धरतो. जिन्यावरून उतरणाऱ्या ओळींसाठी ‘आयमॅप’ पर्यायाला ‘एलएफसीआरएलएफ’ द्या, सुटला प्रश्न. ‘लॉगफाइल’ पर्यायाने नोंद थेट फाइलीत जाते. ही सोय ईमॅक्समध्ये इतकी सरळ नाही, हे मान्य करायला हवं.

इथे कळ खाणारे दोघे आहेत. एडिटरच्या साध्या मोडात यायला विममध्ये कंट्रोल-डब्ल्यू आणि मोठा एन, निओविममध्ये कंट्रोल-उलटा स्लॅश आणि मग कंट्रोल-एन. पिकोकॉमची स्वतःची कळ कंट्रोल-ए. बाहेर पडायला कंट्रोल-ए कंट्रोल-एक्स. बोर्डाला कंट्रोल-ए पाठवायचं तर दोनदा दाबा. मिनिकॉमही चालतो, पण त्याचे मेनू आणि चौकटी एडिटरच्या आतल्या छोट्या खिडकीत दाटीवाटी करतात, म्हणून मी तो सुचवत नाही.

विंडोजवरच्या ईमॅक्समध्येही सिरियल-टर्म चालतं. पोर्टचं नाव कॉम-३ असं द्यायचं. १० आणि पुढच्या क्रमांकांना आधी दोन उलटे स्लॅश, टिंब आणि आणखी एक उलटा स्लॅश लागतो.

हिंगणा एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मित्राने हे वाचून विचारलं की त्याच्या पॅनलमधले वीजमीटर असे वाचता येतील का. मीटर मॉडबस आरटीयू ही कारखान्यातल्या यंत्रांची भाषा बोलत असतील तर नाही. तो मजकूर नसून बाइटांची चौकट असते, पॅरिटीही बहुधा सम, आणि पडद्यावर चिवडाच दिसणार. त्यासाठी मॉडबसचं वेगळं साधन घ्यावं.

नोंदीत ‘सुरू’ हा शब्द आता रात्रीतून एकदाच सापडतो.